आयात फळांचा धंदा आणि अन्न तपासणी: खान्देशात नव्याने दुकान काढणाऱ्यांसाठी

वाशीच्या मार्केटमधून रात्री निघालेली गाडी नाशिक, मालेगाव, धुळं मागे टाकत पहाटे जळगावात टेकते. हमाल घाईत असतात, ड्रायव्हरला पुढे भुसावळ गाठायचं असतं. सफरचंदाच्या पेट्या, किवीची खोकी, खजुराचे कार्टन भराभर खाली उतरतात. त्या अर्ध्या तासात बिल मागायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. २०१९ मध्ये मी दुकान सुरू केलं तेव्हा माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आले. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, फरशी पुसलेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. त्यांनी किवीच्या खोक्यावर हात ठेवून विचारलं, "हा माल कोणाकडून घेतला?" माझ्याकडे एक चिठ्ठी होती. तीवर नग आणि रक्कम एवढंच लिहिलेलं. विकणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. नमुना घेतला गेला आणि बाकीची खोकी पंचनामा करून, सील करून माझ्याच ताब्यात ठेवली. वाशीहून पक्कं बिल यायला पाच दिवस लागले. मे महिना होता, वीज जात-येत होती. बिल आलं तोवर किवी मऊ पडली होती.

माल निर्दोष होता, तो कुठून आला हे मला दाखवता आलं नव्हतं. नाशवंत माल चार दिवसांत संपतो किंवा सडतो, मागे उरतो तो कागद. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच समजुतीने लिहिल्या आहेत.

१. दारात कोण कोण येतं, ते ओळखा

नवा माणूस सगळ्यांनाच "फूडवाले" म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. येणारी माणसं तीन वेगळ्या खात्यांची असतात.

अन्न व औषध प्रशासन हे राज्य सरकारचं खातं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ची अंमलबजावणी तेच करतं. तपासणीला येतात ते अन्न सुरक्षा अधिकारी, आणि त्यांच्यावर पदनिर्देशित अधिकारी म्हणून सहायक आयुक्त असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात.

महापालिका किंवा नगरपालिकेचे आरोग्य आणि बाजार विभाग स्वच्छता, सडका माल, कचरा, रस्त्यावर आलेले ठेले आणि प्लास्टिक पिशव्या बघतात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. फळांच्या दुकानात सगळ्यात सहज बसणारा दंड हाच.

तिसरे वैधमापनवाले. तुमच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी झालेली हवी आणि तिचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावलेलं हवं.

कोणीही आलं तरी आधी ओळखपत्र बघायला मागा. खरा अधिकारी ते दाखवतो आणि त्याला राग येत नाही.

२. आपला धंदा नेमका कोणत्या प्रकारात बसतो?

खान्देशात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे शेतकरी आणि व्यापारी बऱ्याचदा एकाच घरात असतात. रावेर-यावलकडचा केळी बागायतदार स्वतःच्या मळ्यातला माल विकतो तोवर हा कायदा त्याला लागू होत नाही. शेतकरी आणि शेतीची कामं कायद्यातूनच वगळलेली आहेत. पण त्याच भावाने पिकवणीची खोली बांधली, शेजाऱ्याचे घड विकत घेतले आणि पिकवून बाजारात पाठवायला लागला, की तो अन्न व्यावसायिक झाला. सावदा-फैजपूर पट्ट्यात या एका गैरसमजापायी अडचणीत आलेले मी पाहिले आहेत.

दुकानदार असाल तर किरकोळ विक्री, घाऊक विक्री, साठवणूक, रिपॅकिंग यांतलं काय काय करता ते प्रामाणिकपणे कागदावर मांडा. दहा किलोचा खजुराचा कार्टन फोडून अर्धा-अर्धा किलोची पाकिटं करून त्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव लावलं, तर ते रिपॅकिंग ठरतं. त्याचा प्रकार वेगळा निवडावा लागतो आणि लेबलाचे सगळे नियम तुमच्यावर येतात. रमजानच्या तोंडावर खजूर आणणारे नेमके इथेच चुकतात. पिकवण खोली असेल तर तीही अर्जात स्पष्ट लिहा.

परदेशातून स्वतः माल मागवणार असाल तर उलाढाल कितीही छोटी असो, केंद्रीय परवाना लागतो. नवख्याने पहिली दोन वर्षं त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक कंटेनर बंदरात अडकला तरी छोटा व्यापारी बसतो. मुंबईच्या आयातदाराकडून पक्क्या बिलावर माल घ्या, आधी धंदा शिका.

३. नोंदणी किंवा परवाना स्वतः काढा

हे काम फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर होतं. छोट्या व्यावसायिकाला नोंदणी आणि त्यावरच्याला परवाना, अशी विभागणी आहे. मी नूतनीकरण केलं तेव्हा वार्षिक उलाढाल बारा लाखांपर्यंत असली की नोंदणी, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. उलाढालीच्या मर्यादा आणि फी अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघून घ्या, कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

पहिल्या वेळी मी एजंट गाठला. १०० रुपयांच्या नोंदणीला त्याने अडीच हजार घेतले. पैशापेक्षा जास्त नुकसान वेगळ्याच गोष्टीचं झालं. अर्जात त्याने स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकला होता, त्यामुळे मुदत संपत आल्याचे सगळे संदेश त्याच्याकडे गेले आणि मला पत्ताच लागला नाही. नोंदणी बाद झाली, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. कोणाकडूनही अर्ज भरून घ्या, पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा आणि पासवर्ड तुमच्या वहीत.

नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रं:

- मालकाचा फोटो आणि ओळखपत्र
- दुकानाच्या जागेचा पुरावा: भाडेकरार, किंवा स्वतःची जागा असेल तर कर पावती वा वीजबिल
- विकणार त्या मालाची यादी

परवान्यासाठी याशिवाय जागेचा आराखडा, यंत्रसामग्रीची यादी, भागीदारी असेल तर तिचा करारनामा आणि अन्न सुरक्षेची लेखी योजना अशी कागदपत्रं धंद्याच्या प्रकारानुसार मागतात. दुकानाच्या पाटीवरचं नाव, भाडेकरारातलं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एकच ठेवा. "ट्रेडर्स" आणि "ट्रेडिंग" एवढ्या फरकावर अर्ज परत येतो.

हातात येणारा क्रमांक १४ अंकी असतो. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा आणि क्रमांक बिलावर छापा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर तो छापणं बंधनकारक आहे. माझ्या ओळखीच्या एकाने जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरली आणि तपासणीत तेवढ्यावरच शेरा आला. पाच रुपयांचा रबरी शिक्का करून जुन्या बुकावर मारला असता तरी भागलं असतं.

४. बिलांची फाइल: इथे कंटाळा करू नका

कायद्याच्या कलम २७ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी सांगितली आहे. मुदत संपलेला माल विकणं, माल अस्वच्छ ठेवणं यांच्या बरोबरीने तिथे आणखी एक गोष्ट आहे: ज्या मालाचा उत्पादक किंवा वितरक ओळखता येत नाही, तो माल. म्हणजे फळ कितीही चांगलं असलं तरी ते कोणाकडून घेतलं हे दाखवता आलं नाही, तर जबाबदार विक्रेता. माझ्या किवीचं हेच झालं होतं.

याला उतारा कलम २६ मध्ये आहे. घाऊकवाल्याने किरकोळवाल्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि पक्कं बिल हीच ती हमी धरली जाते. पुढे कलम ८० मध्ये बचावाची तरतूद आहे: तुम्ही योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करता आलं पाहिजे. परवानाधारकाचं बिल आणि माल नीट ठेवल्याची वही नसेल तर ते सिद्ध कशाने करणार?

म्हणून बिल घेताना या गोष्टी बघा:

- विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि १४ अंकी क्रमांक
- तारीख, फळाचं नाव, देश, पेट्यांची संख्या आणि वजन
- खोक्यावर लॉट नंबर (त्या खेपेच्या मालाला दिलेला क्रमांक) असेल तर तो

शेवटची गोष्ट बिलावर सहसा नसते. मी स्वतः माल उतरवतानाच खोक्यावरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढतो आणि लॉट नंबर बिलाच्या मागे लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे.

"बिल पाहिजे तर पेटीमागे इतके जास्त" असं म्हणणारा अडत्या भेटेल. त्याच्याकडून माल घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणून सुरुवातीला मीही घेतला होता, पण एक खोकं अडकलं की दहा खोक्यांची बचत जाते.

फाइल महिनावार लावा आणि दुकानातच ठेवा. "घरी आहे साहेब, मुलाला पाठवतो" हे उत्तर त्या क्षणी काही कामाचं नसतं.

५. आयात माल मुंबईत कसा सुटतो, आणि खोक्यावर काय वाचायचं

जळगाव-धुळ्याच्या दुकानात इराण, तुर्कस्तान, अमेरिकेचं सफरचंद, न्यूझीलंड किंवा इराणची किवी आणि आखातातला खजूर दिसतो. त्यातला बराचसा न्हावाशेवा बंदरातून येतो. तिथे दोन वेगळ्या तपासण्या होतात. ताज्या फळांतून कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून वनस्पती संगरोध विभाग बघतो, त्यासाठी मूळ देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. खाण्यायोग्यतेसाठी केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) अधिकारी माल डोळ्यांनी तपासतात, गरजेप्रमाणे नमुना घेतात आणि मग ना हरकत देतात. सात दिवसांहून कमी टिकणाऱ्या मालासाठी अहवालाची वाट न बघता तात्पुरती ना हरकत देण्याचीही सोय आहे.

पाकीटबंद मालाला आणखी एक अट आहे. बंदरातून सुटताना त्याची किमान ६० टक्के मुदत शिल्लक हवी, किंवा मुदत संपायला तीन महिने तरी हवेत. यातलं जे कमी असेल ते चालतं. त्यामुळे एखादा माणूस महिनाभराने मुदत संपणारा खजूर निम्म्या भावात देऊ लागला, तर तो कुठल्या गोदामात किती दिवस पडून होता ते विचारा.

लेबलावर आयातदाराचं नाव-पत्ता, त्याचा परवाना क्रमांक आणि मूळ देश शोधा. आयातदाराचं नाव-पत्ता, परवान्याचं चिन्ह आणि क्रमांक, शाकाहारी चिन्ह हे आपल्या देशात आल्यावर स्टिकरने लावायला परवानगी आहे, त्यामुळे असं स्टिकर दिसलं म्हणून घाबरू नका. पण उत्पादनाची तारीख, मुदत किंवा लॉट नंबर यांवर स्टिकर चिकटवलेलं दिसलं, तर तो माल गाडीतून उतरवूच नका. चुकीच्या लेबलाचा दंड तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो.

सफरचंदावर मेणाचा थर असतो, त्यावरून गिऱ्हाईक रोज वाद घालतं. मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि लाख यांचा थर नियमात बसतो, पण तसा उल्लेख लेबलावर लागतो. तो उल्लेख गिऱ्हाइकाला दाखवा, वाद मिटतो.

६. पिकवण: पुडी दुकानात नको

कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला २०११ च्या नियमांनी पूर्ण बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि ओलाव्याने निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूबरोबर ते फळापर्यंत पोहोचतात. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, तोही १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. केळीसाठी चेंबरचं तापमान साधारण १५ ते १८ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, आणि चोवीस तासांनी खोली उघडून आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा. इथेफॉन (इथिलीन सोडणारं रसायन) मिसळलेल्या पाण्यात फळं बुडवायला परवानगी नाही. इथेफॉनची पुडी वापरलीच तर ती फळाला टेकता कामा नये.

नव्या माणसाचा सापळा वेगळाच असतो. तो स्वतः कार्बाइड वापरत नाही, पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बाहेरून आलेल्या आंब्याच्या क्रेटमध्ये तळाशी पुड्या असतात आणि त्याला माहीत नसतं. आखाजीला आपल्याकडे घरोघरी रस होतो, मागणी एकदम वाढते आणि तपासणीही त्याच दिवसांत जोरात असते. २०२५ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना कळवलं आहे की जागेत किंवा फळांच्या क्रेटजवळ कार्बाइड सापडणं हाही व्यावसायिकाविरुद्ध परिस्थितीजन्य पुरावा धरला जाईल. म्हणून आंब्याचा प्रत्येक क्रेट गाडीजवळच तळापर्यंत उघडा. पुडी निघाली तर माल परत करा आणि परत केल्याची पावती ठेवा.

चेंबर असेल तर वही ठेवा: लॉट कधी आत गेला, गॅस किती, तापमान किती, बाहेर कधी काढला. इथिलीन ज्वालाग्राही आहे, चेंबरमध्ये बिडी-काडी आणि उघडी वायर नको, हे हमालांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

७. थंडावा आणि स्वच्छता

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. कोल्ड रूमला जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर धरूनच हिशेब मांडा. किवी आणि सफरचंद शून्याच्या आसपास टिकतात. केळी १३ अंशांखाली काळवंडते, ती त्यांच्यासोबत ठेवू नका. सफरचंद स्वतः इथिलीन सोडतं, त्यामुळे किवी शेजारी ठेवली तर ती लवकर मऊ पडते. तापमान दिवसातून दोनदा लिहा.

सडका माल वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यावर "विक्रीसाठी नाही" लिहा आणि रोज ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. विक्रीच्या मालाशेजारी सडकी पेटी दिसली की तपासणाऱ्याला ती विक्रीचीच वाटते. फळं हाताळणाऱ्या माणसांचं डॉक्टरी तपासणीचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्या.

८. तपासणीचा दिवस

घाबरून शटर ओढू नका. अधिकाऱ्याला अडवणं हा वेगळा गुन्हा आहे. ओळखपत्र बघा, बसायला खुर्ची द्या, फाइल पुढे ठेवा. विचारलं तेवढंच आणि खरं सांगा.

नमुना घ्यायचा ठरला तर पुढचं लक्ष देऊन बघा:

- तुम्हाला फॉर्म ५ अ मध्ये नोटीस मिळते. ती वाचून मगच सही करा.
- नमुन्याचे चार भाग करून प्रत्येक भाग तुमच्यासमोर सील होतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग, तुम्ही मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो.
- नमुन्याची किंमत अधिकारी देतात. "राहू द्या साहेब" म्हणू नका. पैसे घ्या, पावती द्या.

चौथ्या भागाची मागणी तिथेच, लेखी करा. फळ टिकत नाही. अहवाल आल्यावर पुन्हा तपासून घेऊ म्हणाल, तोवर तपासण्यासारखं काही उरलेलं नसतं. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती.

माल सील केला तर त्याचा कागद आणि पंचनाम्याची प्रत घ्या. पंचनाम्यातली पेट्यांची संख्या, लॉट नंबर आणि वेळ स्वतः ताडून बघा. कोल्ड रूम चालू होती आणि तापमान किती होतं, हे त्यात लिहून घ्यायची विनंती करा.

रोख पैसे कोणाच्याही हातात देऊ नका. दंड जागेवर ठरत नाही, तो पुढे न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर सुनावणी होऊन ठरतो. महापालिकेचा प्लास्टिकचा दंड जागेवर भरावा लागतो, पण त्याचीही छापील पावती मिळते.

९. नोटीस किंवा विरोधातला अहवाल आला तर

सुधारणा नोटीस आली तर तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. सांगितलेल्या दुरुस्त्या करा, आधीचे आणि नंतरचे फोटो काढा आणि पूर्तता अहवाल आवक क्रमांक घेऊन जमा करा. फोनवर "केलं साहेब" म्हटल्याची कुठे नोंद होत नाही.

विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं आणि नमुना फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते. अहवालाचं पाकीट हातात पडेल त्याच दिवशी त्यावर तारीख टाका, पाकीट फेकू नका. अपिलासोबत त्या लॉटचं खरेदीचं बिल, खोक्याच्या लेबलाचा फोटो आणि तापमानाच्या वहीच्या त्या दिवसांच्या पानांची झेरॉक्स जोडा. ज्याच्याकडून माल घेतला त्यालाही त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने कळवा आणि पोचपावती त्या लॉटच्या बिलालाच टाचून ठेवा.

काही अडलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. फोन करताना तुमचा १४ अंकी क्रमांक समोर असू द्या, पहिल्यांदा तोच विचारतात.